पाणी निवळेपर्यंत

टाकी घरात येऊन तीन-चार दिवस झाले. खडे धुऊन घातले, एक-दोन रोपं लावली, फिल्टर सुरू केला, दोन गोल्डफिश सोडले. पहिल्या संध्याकाळी पाणी इतकं नितळ होतं की पलीकडच्या भिंतीवरचा खिळासुद्धा त्यातून दिसत होता. आज सकाळी दिवा लावला तर पाणी पांढुरकं झालेलं. मागची काच दिसत नाही. मासे पुढे आले की तेवढे केशरी दिसतात, वळले की विरून जातात.

हात लगेच बादलीकडे जातो. आज त्याला थोडा वेळ मांडीवर राहू द्या. टाकीसमोर खुर्ची ओढून घ्या, डोळे पाण्याच्या पातळीला येतील अशा बेताने बसा. घरच्यांना सांगा, अर्धा तास हाक मारू नका. बसण्याआधी एकच खात्री करून घ्यायची. मासे वरच्या थराला तोंड लावून सारखी हवा गिळत असतील, तर हे मनन नंतर; आधी एअर पंप लावा, चौथा हिस्सा पाणी बदला. पण मासे मधल्या पाण्यात फिरत असतील, खाली जाऊन एखादा खडा तोंडात घेत असतील, चघळून थुंकून देत असतील, तर घाई नाही. बसा.

श्वास मुद्दाम लांबवायची गरज नाही. फिल्टरचा आवाज ऐका. बुडबुडे वर येतात आणि फुटतात, तेवढंच काही वेळ पाहा. मग मनात काय उठतंय तेही पाहा. बहुतेकांना आधी अपराधी वाटतं. आपण कुठेतरी कमी पडलो, काहीतरी घाण केली, असं. त्याच्या पाठोपाठ निकड येते, की हे आत्ताच्या आत्ता साफ झालं पाहिजे. पाणी गढूळ म्हणजे वाईट आणि नितळ म्हणजे चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पिण्याच्या पाण्याला ते बऱ्याच अंशी लागू आहे. समोरच्या टाकीला नाही. इथे डोळ्यांना खुपणारं पाणी माशाला सोसवतं, आणि डोळ्यांना सुंदर दिसणारं पाणी त्याचा जीव घेऊ शकतं. आज बसायचं ते एवढं नीट समजून घेण्यासाठी.

आता उठून एक काचेचा पेला घ्या, टाकीतलं पाणी त्यात भरा आणि खिडकीशी धरा. रंग पाहा, घाई न करता. पाणी राखाडी असेल आणि पहिल्याच दिवसापासून तसं असेल, तर ती खड्यांची, वाळूची धूळ आहे. पेला रात्रभर हलवू नका, सकाळी तळाला थर दिसेल. हिरवं असेल तर ते पाण्यात तरंगणारं शेवाळ. ते सहसा टाकी जुनी होत गेल्यावर, खिडकीचं ऊन पडत असेल तर येतं. तपकिरी असेल तर टाकीत घातलेल्या लाकडाचा अर्क उतरला आहे, त्याने माशाचं काही बिघडत नाही. पण पाणी पांढुरकं असेल, दोन-तीन दिवस नितळ राहून मग बदललेलं असेल, आणि रात्रभर ठेवलेल्या पेल्यात काहीच खाली बसत नसेल, तर आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत ते हेच. पेला खाली ठेवा. पुन्हा खुर्चीत या.

या पांढुरकेपणात माती नाही. ते जिवाणू आहेत. एकेक साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर हजार बसतील एवढा. एकटा कधीच दिसला नसता. कोट्यवधी झाले की त्यांच्यावर पडणारा उजेड चहूकडे विखुरतो आणि पाणी दुधाळ दिसतं. इतके बारीक असल्यामुळे ते तळाला बसत नाहीत, स्पंजच्या छिद्रांतून आरपार निघून जातात. फिल्टर रात्रभर चालूनही सकाळी पाणी तसंच का, याचं उत्तर हे आहे. फिल्टर बिघडलेला नाही.

ते आले कुठून, असा प्रश्न मनात आला असेल. हवेतून आले, खड्यांवरून, रोपांच्या मुळांवरून, माशांच्या अंगावरून आले, टाकी लावताना कोपरापर्यंत बुडवलेल्या तुमच्या हातांवरूनही आले. नव्या टाकीत त्यांना रिकामी जागा मिळाली आणि अन्न मिळालं: न खाल्लेले दाणे, माशांची विष्ठा, मुळाशी कुजू लागलेलं पान. अन्न भरपूर आणि ऊब पुरेशी असेल तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. मनातल्या मनात हिशोब करून पाहा. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एकापासून शंभर कोटींहून जास्त. टाकीत वाढ इतक्या वेगाने, इतकी अखंड होत नाही, पण रात्री नितळ असलेलं पाणी सकाळी पांढरं कसं झालं हे एवढ्यावरून कळतं.

आता त्याच पाण्यातल्या दुसऱ्या रहिवाशांकडे वळूया. ते दिसणार नाहीत. टाकी जगते ती त्यांच्यावर.

पुढे आलेल्या माशाच्या कल्ल्यांकडे पाहा. झाकण उघडतं, मिटतं. पाण्यातला प्राणवायू आत जातो आणि त्याच कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. माशाचा नायट्रोजनयुक्त टाकाऊ भाग मुख्यतः असाच, प्रत्येक श्वासाबरोबर पाण्यात जातो. तो किती, याचा अंदाज दाण्यांवरून बांधता येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावतं. दाण्यांत ३५ टक्के प्रथिनं असतील तर एक ग्रॅम दाण्यांत ३५० मिलिग्रॅम प्रथिन, आणि प्रथिनाचा साधारण १६ टक्के भाग नायट्रोजन. म्हणजे ५६ मिलिग्रॅम. एक ग्रॅम दाणे, ५६ लिटर पाणी: लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो, उरलेला आज ना उद्या पाण्यात येतो. चिमूटभर दाणे टाकताना ही चिमूट कुठे जाते, हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

निसर्गात हा अमोनिया साठत नाही. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट माशाला त्या मानाने पुष्कळच सौम्य. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोन नावं वर्षानुवर्षं छापली जात होती. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरं काम करतात ते नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा पुरा रस्ता एकट्याने चालणारा नायट्रोस्पायराही सापडला, आणि त्या शोधातले काही नमुने माशांचंच पाणी गाळणाऱ्या फिल्टरमधून आले होते. ज्या स्पंजकडे आपण कचरा अडवणारी वस्तू म्हणून पाहतो, त्यात हे सगळं राहतं.

पण हे जीव सावकाश वाढतात. पांढुरक्या पाण्यातले जिवाणू तासाभरात वाढून जातात तिथे यांना एकदा दुप्पट व्हायला अर्धा दिवस, कधी पुरा दिवस लागतो. ते पाण्यात मोकळे तरंगत नाहीत. काचेला, खड्यांना, स्पंजच्या आतल्या भिंतींना चिकटून बसतात. पुढे लागणारी गोष्ट ही आहे, म्हणून क्षणभर तिच्यापाशी थांबा. जे नको आहे ते पाण्यात तरंगतं आहे. जे हवं आहे ते पृष्ठभागांना चिकटून बसायला लागलं आहे, अजून फार थोडं.

समोरचं दृश्य आधी कुणी पाहिलं असेल? लंडनला जाऊया, १८४९ साली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या अपोथेकरीज हॉलमध्ये काम करत. त्यांनी बारा गॅलनचं काचेचं भांडं घेतलं, साधारण अर्धं झऱ्याच्या पाण्याने भरलं, तळाला वाळू, चिखल आणि दगड घातले, आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. बरोबर व्हॅलिस्नेरियाचं एक रोप; आपल्याकडच्या दुकानांत आजही मिळतं ते लांब फितींच्या पानांचं. तोंडावर मलमल ताणून बसवली होती, लंडनच्या हवेतली काजळी पाण्यात पडू नये आणि हवा मात्र जावी म्हणून. काही काळ सगळं ठीक चाललं. मग रोपाची जुनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं, काचांवर शेवाळ चढलं.

वॉरिंग्टन यांनी त्या गढूळपणाकडे पाहून काय केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी या व्यवस्थेत कोण कमी आहे ते शोधलं, आणि तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजलेली पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. त्यांची अंडी आणि पिल्लं माशांना खायला मिळाली. १८५० साली त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. घरातल्या काचेच्या टाकीचा आजचा छंद ज्या मोजक्या प्रयोगांवर उभा आहे त्यांतला हा एक, आणि त्यात गोल्डफिश दोनच होते, पाणीही गढूळच झालं होतं. तुमच्या खुर्चीत याआधी कुणीतरी बसून गेलं आहे.

गोगलगाईंनी सगळं केलं नव्हतं, हे मात्र वॉरिंग्टन यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. वाळूत आणि दगडांवर अमोनिया पचवणारे जीव होते. ते आहेत हे कळायला आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जावी लागली. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्झ या दोघांनी सांडपाणी वाळू आणि खडूच्या थरातून सावकाश झिरपवलं. पहिले वीसेक दिवस अमोनिया जसा आत जात होता तसाच बाहेर येत होता. मग नायट्रेट दिसू लागलं. वाळू तीच, सांडपाणी तेच. नुसतं रसायनाचं काम असतं तर ते पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. ज्या अर्थी वाट पाहावी लागली, त्या अर्थी आत काहीतरी जिवंत वाढत होतं. क्लोरोफॉर्म सोडल्यावर काम थांबलं, आणि मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झालं. ते वीस दिवस मनात धरून ठेवा. तुमच्या टाकीचा आज चौथा दिवस आहे.

यानंतरचा धागा तर वॉरिंग्टन यांच्याच घरातला. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि इंग्लंडमधल्या रोथामस्टेडला जमिनीतल्या याच क्रियेवर वर्षानुवर्षं काम करत राहिला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट ही दोन वेगळी कामं आहेत, ती करणारे जीवही वेगळे, हे त्याने दाखवलं. ते जीव वेगळे काढणं त्याला साधलं नाही. जिलेटिनवर वाढवायला गेलं की भलतेच, भराभर वाढणारे जिवाणू सगळी जागा व्यापत. अखेर १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी झ्युरिकमध्ये हे जमवलं, आणि त्यांची युक्ती अगदी साधी होती: त्यांनी सेंद्रिय अन्नच काढून टाकलं. खायला नसल्यावर घाईने वाढणारे मागे पडले, आणि ज्यांना अमोनिया, हवा आणि क्षार एवढंच पुरतं ते सावकाश पुढे आले. वडिलांच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि गढूळ पाणी होतं. मुलाने अर्धं आयुष्य ज्या क्रियेवर घालवलं, ती त्याच भांड्याच्या तळाशी चालू होती.

आता विनोग्राड्स्कींची युक्ती समोरच्या टाकीला लावून पाहा. पांढुरके जिवाणू दाण्यांवर आणि कुजणाऱ्या पानांवर पोसले जातात. हवे असलेले जीव दाण्यांवर पोसले जात नाहीत. त्यांना माशाच्या कल्ल्यांतून येणारा अमोनिया आणि पाण्यातला प्राणवायू मिळाला की झालं. म्हणजे दाणे कमी केले की कोण थकतं आणि कोणाला वाव मिळतो? या प्रश्नाचं उत्तर तोंडाने देऊ नका. टाकीच्या वरती ठेवलेली दाण्यांची डबी उचला आणि दुसऱ्या खोलीत ठेवून या.

परत आलात की हात पुन्हा काहीतरी मागतील. ते काय मागतात ते एकेक करून पाहूया.

तुरटी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण हंड्यात तुरटी फिरवतो. निवळीची बी उगाळून पाण्यात घालण्याची रीतही जुनी आहे. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. तुरटीने ते एकत्र येतात, जड होतात, खाली बसतात. दुकानात मिळणाऱ्या पाणी स्वच्छ करण्याच्या बाटल्या बहुतेक याच मार्गाने जातात. टाकीत हे केलं तर पांढुरकेपणा उतरेलही. पण जिवाणूंना वाढवणारं अन्न तसंच राहतं, आणि दोन दिवसांत ते परततात. शिवाय तुरटी पाण्याची आम्लता सांभाळण्याची ताकद खाते, आणि आम्ल पाण्यात अ‍ॅल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना बाधतं. पिण्याच्या हंड्यातली गोष्ट टाकीत नको.

निळं औषध. माशांबरोबर दुकानदार पुष्कळदा त्याची लहानशी बाटली हातावर ठेवतो. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध आहे, आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात त्याचा उपयोग होतो. निरोगी माशांच्या नव्या टाकीत टाकलं तर स्पंजमध्ये नुकते बसू लागलेले जीव त्याने मरतात. बाटली कपाटात ठेवा.

तिसरी इच्छा सगळ्यात जोराची असते: मासे बादलीत काढावेत, टाकी रिकामी करावी, खडे-स्पंज नळाखाली घासावेत, नवं पाणी भरावं. हे पुरं करून झालेलं मनात पाहा. टाकी लखलखते आहे. आता मघाशी जिथे क्षणभर थांबलो होतो तिथे परत या. नको होते ते पाण्यात होते. ते पाण्याबरोबर गेले, पण उरलेल्या मूठभरांपासून उद्या-परवा पुन्हा तितकेच होतील. हवे होते ते काचेला आणि स्पंजला चिकटले होते. ते घासून गेले, जे उरले ते नळाच्या क्लोरीनने गेले, आणि त्यांना परत यायला आठवडे लागतील. दर चार दिवसांनी टाकी धुणाऱ्या घरात पाणी कायम गढूळ का राहतं आणि मासे का टिकत नाहीत, याचं कारण आळस नाही. त्या घरात श्रम कमी होत नाहीत. श्रम चुकीच्या ठिकाणी होतात.

आता पाण्यावरची नजर काढा आणि माशावर ठेवा. पाठीवरचा पर उभा आहे की अंगाला चिकटला आहे? कल्ले संथ लयीत हलतात की भराभर? परांच्या कडांना, शेपटीला लाल रेषा आल्या आहेत का? तुम्ही काचेजवळ बोट नेलं तर तो पुढे येतो का? हा प्राणी मूळचा चीनमधला. तिथल्या साध्या करड्या-हिरवट माशांतून कधीतरी निघालेले सोनेरी मासे माणसांनी हजार वर्षांपूर्वीपासून निगुतीने जपले. त्याला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं आणि लवकर बाहेर पडतं, म्हणून तो सदा भुकेला वाटतो आणि पाणी इतर माशांपेक्षा लवकर बिघडवतो. नीट ठेवला तर साधा गोल्डफिश वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. गोल काचेच्या बरणीत हा मासा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दोन फुटी टाकीही दोघांना काही महिनेच पुरते हे विकत घेतानाच कुणीतरी सांगायला हवं.

पांढुरकं पाणी माशाला थेट इजा करत नाही. त्यातले जिवाणू प्राणवायू मात्र खातात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत घरातलं पाणी तिशीच्या वर जातं, आणि गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. म्हणून या दिवसांत एअर पंप रात्रीसुद्धा बंद करायचा नाही. टाकीचा दिवा बंद ठेवा. पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या.

सावकाश चारेक दिवसांत, कधी आठवड्यात, कधी त्याहून थोड्या उशिरा, पाणी आपोआप निवळेल. अन्न संपल्यावर ते जिवाणू कमी होतात, त्यांना खाणारे सूक्ष्मजीवही वाढलेले असतात. त्या सकाळी आनंद होईल. माझी विनंती आहे, त्या सकाळी पुन्हा एकदा याच खुर्चीत बसा, कारण सगळ्यात जास्त जागरूक राहायची वेळ तेव्हा सुरू होते. अमोनियाला रंग नाही. नायट्राइटला रंग नाही. पाणी नितळ झालेलं असतं, घरातले सगळे निर्धास्त होतात, दाणे पुन्हा दोन्ही वेळा पडू लागतात, एखादा नवा मासाही येतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, अगदी स्वच्छ पाण्यात, मासा तळाशी बसून राहतो.

अमोनिया किती घातक हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. पंचवीस अंशांना, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, जवळपास दसपट. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. तिथे साधं जाडं मीठ, लिटरला एक ग्रॅम, कामी येतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. मीठ पेल्यात विरघळवून मगच घालायचं. हे सगळं डोळ्यांनी कळणार नाही, त्यासाठी थेंबांची टेस्ट किट घ्या; शोभेच्या पुलावर आणि प्लॅस्टिकच्या खजिन्यावर घालवलेल्या पैशांपेक्षा ते पैसे सार्थकी लागतात.

थांबणं म्हणजे दुर्लक्ष नाही, म्हणून हातांना त्यांचं काम देऊया. बादलीभर पाणी आदल्या रात्री काढून ठेवा. आपल्या मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा. आपल्या पोटासाठी तो रक्षक, माशाच्या कल्ल्यांसाठी जाळणारा. रात्रभर बादलीत हवा सोडली तर तो उडून जातो, घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन घाला. दुसऱ्या दिवशी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी तळाजवळून नळीने ओढून काढा, विष्ठा आणि उरलेले दाणे त्याबरोबर येऊ द्या, कुजलेली पानं हाताने उचला, आणि बादलीतलं पाणी सावकाश ओता. दोन्हीकडचं पाणी हाताला सारखंच गार लागलं पाहिजे. स्पंज गच्च भरला असेल तरच पिळा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच, त्याच पाण्यात बुडवून. शेजारून वाटीभर विरजण आणावं तसंच हे आहे. त्याने आठवडे वाचतात.

दाणे पहिल्या पंधरवड्यात एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपतील एवढेच द्या. मासा काचेशी येऊन तोंड हलवेल, घरातलं लहान मूल म्हणेल, त्याला भूक लागली आहे. मुलाला खुर्चीवर बसवा आणि कल्ले दाखवा, ते कसे उघडतात-मिटतात ते मोजायला सांगा. निरोगी गोल्डफिश चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. जास्तीच्या दाण्यांनी मात्र होतं.

दर दोन दिवसांनी पाणी तपासा आणि आकडे एका वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्हींपैकी एखादा लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमवर गेला की त्याच दिवशी पाणी बदला. बाहेरून काही न आणलेल्या नव्या टाकीला यात चार ते सहा आठवडे लागतात. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य येईपर्यंत तिसरा मासा घरी आणू नका.